माळ्यावरची ऐंशी जीबी

बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क घेऊन मी लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले, तेव्हा काउंटरमागच्या मुलाने माझ्याकडे न बघताच विचारलं, "मॅडम, डिस्क चाहिए के डेटा चाहिए?" समोर दुसऱ्याच कुणाचा तरी लॅपटॉप उघडा पडलेला, ओठांत स्क्रू धरलेला, मान खाली. मी म्हणलं, म्हणजे? तेव्हा कुठे त्याने स्क्रू काढून नीट सांगितलं, की ही डिस्क चालू करून वापरायची असेल तर नादाला लागू नका, याच्यापेक्षा मोठा पेन ड्राइव्ह येतो आता, आणि आतला डेटा पाहिजे असेल तर आधी सांगा कितना इम्पॉर्टंट है, त्या हिशोबाने बोलू. धंद्याचा प्रश्न होता, त्यात वावगं काही नाही. पण मला उत्तरच देता येईना. डिस्क तर नकोच होती. डेटा पाहिजे म्हणावं तर आत काय आहे ते माहीत नव्हतं, आणि ज्यांचा तो डेटा ते बाबा घरी बसून म्हणत होते, "टाक गं भंगारात, काय करायचंय." मी जोडायची केबल आणि अडॅप्टरचं किट तेवढं घेतलं आणि निघाले. ग्रँट रोडचा जिना, दादरला गाडी बदलणं, भांडुपला उतरताना ती नेहमीची ढकलाढकली, सगळ्यातून तो प्रश्न बरोबर घरापर्यंत आला.

झालं होतं असं की माहेरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात याचं आता कुणाला अप्रूप नाही, म्हाडाच्या जुन्या इमारती एकेक करून पडतायत आणि शेजारी टॉवर उभे राहतायत, "यंदा होणार, यंदा होणार" ऐकतच आम्ही मोठे झालो, आणि ज्या वर्षी कुणाचाच विश्वास उरला नव्हता त्या वर्षी खरंच झालं. भाड्याचं घर मिळेपर्यंत आईबाबा आमच्याकडे भांडुपला आले. आता घर रिकामं करणं म्हणजे खरं तर माळा रिकामा करणं. खालचं सामान तासाभरात टेम्पोत चढतं, माळा मात्र उतरता उतरत नाही. पितळी बंब, मखराचं थर्माकोल, आहेरात आलेले खोकं न उघडलेले लेमन सेट, माझं दहावीचं दप्तर (का ठेवलं असेल कोण जाणे), आणि सगळ्यात मागे, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून सुतळीने बांधलेला कॉम्प्युटर. आई खाली स्टूल धरून उभी होती आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होती, "जपून गं, मागे पाल असेल."

२००३ साली बाबांनी व्हीआरएस घेतली, त्या पैशातून आलेला तो असेम्बल्ड पीसी. पी-फोर म्हणजे पेंटियम फोर प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, ऐंशी जीबीची हार्ड डिस्क. दुकानदार म्हणाला होता, काका, ऐंशी जीबी तुमच्या नातवंडांना पुरून उरेल. नातवाच्या एका गेमला पुरत नाही आता, पण तेव्हा आम्हाला ते पटलं होतं. त्या अख्ख्या डब्याला आम्ही सीपीयू म्हणायचो. पांढरट रंगाचा होता, तो पिवळा पडलेला, बाजूचं पत्र्याचं झाकण सरकवलं तसा एक वास आला, धूळ, जुनं रबर आणि थोडासा कोंदट ओलावा, मुंबईच्या बंद घरात चार पावसाळे काढलेल्या प्रत्येक वस्तूला येतो तो. घरी आणून प्लग लावला, बटण दाबलं, पंखा अर्धा वळला आणि थांबला. आत टॉर्च मारून बघितलं तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर माथ्यावर फुगलेले, दोघातिघांतून तपकिरी काहीतरी बाहेर येऊन वाळलेलं. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांचं हेच झालं, खराब कपॅसिटरची साथच होती ती. म्हणजे तो डबा गेलाच. डिस्क काढून घेतली.

आता जरा माझ्याबद्दल सांगते, कारण लॅमिंग्टन रोडला मी चिरंजीवांना घेऊन गेले की दुकानदार उत्तर त्याच्याकडे बघून देतात, प्रश्न मी विचारला तरी. मी ९८ साली दादरला हार्डवेअरचा कोर्स केलाय. एका केबलवरच्या दोन डिस्कांत पहिली कोणती आणि दुसरी कोणती हे ठरवणारं मास्टर, स्लेव्ह, केबल सिलेक्ट माझं पाठ होतं जेव्हा हा मुलगा जन्मायचा होता. पुढे नोकरी बँकेत लागली आणि स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्ये गेला ही गोष्ट वेगळी. पण काही गोष्टी हाताला आठवतात. डिस्क "दिसत नाही" असं कुणी म्हणलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुणाला दिसत नाही? कारण दिसण्याच्याही पायऱ्या असतात. फिरते का, ही पहिली. मग बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमला, दिसते का. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये येते का. मग तिला अक्षर मिळालंय का, डी, ई, एफ काहीतरी. आणि मग शेवटी आतल्या फाइली उघडतात का. लोक शेवटच्या पायरीवर उभं राहून ओरडतात आणि अडलेलं असतं पहिल्या पायरीवर, किंवा उलट, डिस्क मेली म्हणून नवी घेऊन येतात आणि जुनीला नुसतं अक्षर द्यायचं राहिलेलं असतं.

त्याच आठवड्यात मी एक नवी चार टीबीची डिस्कही घेतली होती, सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं, दोन्ही घरांचं जे काय इकडेतिकडे पडलंय ते एका जागी आणावं म्हणून. चिरंजीव म्हणाला आई क्लाउडवर टाक ना. टाकते की, पण दर महिन्याला भाडं भरायचं आणि कधी तिकडे पासवर्ड विसरला की आपल्याच फोटोंसाठी आपणच ओळख पटवत बसायचं, त्यापेक्षा एक प्रत घरात असलेली बरी. तर ती डिस्क त्याच्या गेमिंगच्या पीसीत लावली आणि दिसेना. हात ठेवून बघितला, बारीक थरथर होती, म्हणजे फिरत होती, पॉवर मिळत होती. डेटा केबल बदलली. नाही. बायोसमध्ये गेले, तिथे पाचव्या साटा पोर्टसमोर, म्हणजे डिस्कची केबल लावली होती त्या जागेसमोर, काहीच नाही. यूट्यूबवर बसला असता तर तो दिवसभर बसला असता, मी फोनवर मदरबोर्डचं मॅन्युअल काढलं आणि बारीक अक्षरातली तळटीप सापडली, की एम-टू स्लॉटमध्ये, म्हणजे कार्डासारख्या पातळ एसएसडीच्या खाचेत, कार्ड बसवलं की पाचवा पोर्ट बंद होतो. बऱ्याच बोर्डांवर असं असतं, दोघांना जायला आत रस्ता एकच, एक आला की दुसऱ्याने थांबायचं. चिरंजीवांची एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीशिवायची डिस्क, नेमकी त्याच स्लॉटमध्ये. डिस्कची केबल पाचव्यातून काढून दुसऱ्यात घातली, बायोसमध्ये लगेच नाव आलं. चिरंजीव म्हणाला, "हे कोण वाचतं?" मी काही बोलले नाही, नुसतं त्याच्याकडे बघितलं.

तरी विंडोजमध्ये ती नाहीच. इथे बरेच जण घाबरतात आणि दुकानात परत नेतात. कोरी डिस्क म्हणजे बिल्डरने नुसता दाखवलेला मोकळा प्लॉट असतो. आधी त्याची नोंद करावी लागते, म्हणजे इनिशियलाइज, मग भिंती घालाव्या लागतात, म्हणजे पार्टिशन, आणि मग खोल्यांना नंबर, ते फॉरमॅट. हे काही केलं नाही तर तिथे राहायला कोण जाणार? स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, आणि तिथे खाली काळ्या पट्टीखाली ती बसलेली असते, अनअलोकेटेड. इनिशियलाइज करताना विंडोज विचारते एमबीआर की जीपीटी, म्हणजे पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत की नवी. दोन टीबीच्या वरची डिस्क असेल तर डोळे झाकून जीपीटी म्हणायचं, एमबीआरचं गणितच दोन टीबीला संपतं आणि वरची जागा पैसे देऊनही नुसती पडून राहते. सगळं झाल्यावर चार टीबीची ३.६३ दिसली, यावरून घरात थोडी चर्चा झाली. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, एवढंच आहे, पण बाबांनी बाहेरच्या खोलीतून विचारलंच, "मग बाकीची कुणी खाल्ली?"

बाबांचा हा स्वर मला ओळखीचा होता, पण बऱ्याच वर्षांनी ऐकला.

बाबा सोसायटीचे खजिनदार होते. कॉम्प्युटर आला तो निमित्ताला आमच्यासाठी, पण खरा बसायचे त्यावर तेच. संध्याकाळी सातच्या बातम्या झाल्या की खुर्ची ओढायचे, एका बोटाने टाइप करायचे, दर ओळीला सेव्ह, कारण लाइट कधी जाईल सांगता येत नाही. त्या डिस्कचा आवाज अजून कानात आहे, सुरू होताना चढत जाणारी शीळ आणि मग काम करताना आतून कुरकुर कुरकुर, घरात सगळ्यांना कळायचं की बाबांनी फाइल सेव्ह केली. २००५ च्या २६ जुलैला तळमजल्यावर पाणी शिरलं, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस, तेव्हा खालच्या काकांचा कॉम्प्युटरही चिखलात गेला. त्यांनी तो धुऊन गच्चीत उन्हात वाळत टाकला होता, पापडांसारखा नव्हे, अगदी बाजेवर चादर घालून, आणि बाबांना विचारत होते की चालू होईल ना. त्यांना डेटाबिटा काही नको होता, बारा हप्ते बाकी होते त्याचे. दुसरीकडचा पूर आठवतो तो २०११ चा, थायलंडमधला. तिकडचे हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि इकडे लॅमिंग्टन रोडवर हार्ड डिस्कचे भाव चढले. माझ्या ऑफिसातला एक जण महिनाभर रोज भाव विचारून यायचा, सोन्याचा विचारतात तसा. हे उगाच आठवलं.

२००६-०७ च्या सुमारास गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून सोसायटीत काहीतरी झालं. काय ते घरात कधी नीट बोललं गेलं नाही. कुणीतरी मीटिंगमध्ये हिशोब मागितला, आवाज चढले, बाबांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि वह्या नेऊन दिल्या. त्यानंतर ते त्या खुर्चीत फारसे बसलेच नाहीत. मी नोकरीला लागल्यावर नवी डिस्क टाकली तेव्हा जुनी दुसऱ्या नंबरला गेली, तिच्यावर कुणी जाईना, आणि पुढे लॅपटॉप आला तसा नव्या डिस्कसकट सगळाच संसार बदलला आणि जुनीसकट डबा माळ्यावर गेला. म्हणून "टाक भंगारात" हे म्हणताना ते टीव्हीकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

तसंही भंगारात तशीच टाकणार नव्हतेच मी. लोक डिलीट करतात, फार तर क्विक फॉरमॅट मारतात आणि भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकतात. त्याने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर जागेवरच असतो. बँकेत असल्यामुळे मला हे जास्त टोचतं.

तर रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर पेपर पसरून जुनी डिस्क ठेवली. ही आयडीईची, म्हणजे साटाच्या आधीच्या जुन्या जोडणीची, मागे चाळीस पिनांची दोन ओळींची रांग, तिला लॅपटॉपमध्ये जागाच नाही, म्हणून ते किट. एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला जाड कनेक्टर, शिवाय पॉवरसाठी वेगळा अडॅप्टर, कारण साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्ट लागतात आणि यूएसबी पाचच देतो. स्विच टाकला. क्षणभर काहीच नाही. मग ती शीळ आली. आधी खालच्या पट्टीत, मग चढत चढत एका जागी येऊन स्थिरावली, मिनिटाला ७२०० फेरे. इतकी वर्षं माळ्यावर, उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून आणि पावसाळ्यात दमट होऊन, ती पहिल्या झटक्यात फिरली. आतलं वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगतं, धुळीचा कणही मधे मावत नाही, आणि वर आमच्या घराण्याचं वेंधळेपण. १९५६ ची पहिली हार्ड डिस्क, आयबीएमची, पन्नास तबकड्या, प्रत्येकी २४ इंची, वजन टनाच्या वर आणि मावायचं पाच एमबीसुद्धा नाही. कोर्सला सरांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही हसलो होतो. आज त्या ऐंशी जीबीला चिरंजीव तसाच हसत होता.

बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी झाला. बाबांनी ऐकलं असणार.

फिरत होती, पण लॅपटॉपला दिसत नव्हती. इथे तो काउंटरवरचा मुलगा असता तर म्हणाला असता बोर्ड गया है. मी डिस्क उलटी केली, तिच्या पाठीमागे पिनांच्या आणि पॉवरच्या मधे ते जंपरचं, म्हणजे डिस्क मास्टर की स्लेव्ह हे ठरवणारं, एवढंसं काळं टोपण, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि वरच्या लेबलवर त्याची छोटी आकृती. जंपर स्लेव्हवर होता, अर्थात, दुसऱ्या नंबरला टाकलेली ना ती. ही किट एकट्या डिस्कशी बोलतात, समोर मास्टर असेल असं धरून चालतात, स्लेव्ह गप्प बसते कारण तिला वाटतं पुढे कुणीतरी मोठं आहे, ते बोलेल. स्विच बंद केला, फिरणं थांबेपर्यंत थांबले, भुवया कोरायच्या चिमट्याने टोपण काढून मास्टरच्या जोडीवर बसवलं. परत स्विच. शीळ, कुरकुर, आणि लॅपटॉपने तो टुंग असा आवाज केला. ई ड्राइव्ह. विंडोजने फॉरमॅट करू का असं विचारलं नाही याचं मला हायसं वाटलं, कारण त्या प्रश्नाला हो म्हणून कितीतरी लोकांनी आपली आयुष्यं पुसलीत. तो विचारला तर नाही म्हणायचं, आधी जशीच्या तशी अख्खी प्रत दुसरीकडे काढायची आणि जो काय खटाटोप करायचा तो प्रतीवर.

आत "डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज", त्यात बाबांच्या नावाचं फोल्डर. क्लिक केलं तर लॅपटॉप म्हणाला तुम्हाला हे फोल्डर बघायची परवानगी नाही. परवानगी देणारे एव्हाना येऊन माझ्या मागे उभे होते, हातात चष्मा. "काय म्हणतंय?" मी म्हणलं, तुमची परवानगी मागतंय. "मग दे," म्हणाले. कंटिन्यू दाबलं.

फाइली आल्या पण उघडल्यावर सगळा कचरा. डॉलर, टक्के, उलटे प्रश्नचिन्ह, उच्चारता येणार नाहीत अशी इंग्रजी अक्षरं, पानंच्या पानं. चिरंजीव म्हणाला करप्ट झालंय. करप्ट नव्हतं, ते सगळ्या कॉम्प्युटरवर एकच बाराखडी चालवणारं युनिकोड रुळायच्या आधीचं मराठी होतं. तेव्हा प्रत्येक फॉन्टची स्वतःची बाराखडी असायची, तो फॉन्ट असेल तर मराठी आणि नसेल तर हे. बाबांना फॉन्टचं नाव आठवेना. पण ज्या डिस्कवर फाइल त्याच डिस्कवर तेव्हाची विंडोज, आणि विंडोजमध्ये फॉन्ट्सचं फोल्डर. तिथून उचलला, लॅपटॉपमध्ये इन्स्टॉल केला, वर्ड बंद करून परत उघडला. आणि समोर बाबांची मराठी, जशी ते बोलतात तशीच, थोडी सरकारी, थोडी तापलेली. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की." खाली गच्चीच्या कामाचा ताळेबंद, रकाने पाडून. सिमेंट, केमिकल, मजुरी, चहापाणी सुद्धा.

मी सगळं चार टीबीवर कॉपी करायला लावलं. त्या जुन्या डिस्कवर भरलेलं असून असून किती, बावीस-तेवीस जीबी. लग्नाआधीचे माझे फोटो होते, दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातले, आईचा चिवड्याच्या प्रमाणाचा कागद टाइप केलेला, एमपीथ्री गाणी होती ढीगभर. मी त्यात अडकले. बाबा अडकले नाहीत. त्यांनी फक्त तो ताळेबंद प्रिंट करून मागितला, अक्षर मोठं कर म्हणाले, आणि पेन्सिल घेऊन डायनिंग टेबलावर बसले. रविवारी सोसायटीची मीटिंग होती, बिल्डर सोसायटीला देणार त्या कॉर्पस फंडाबद्दल, तिथे तो हिशोब विचारणारे गृहस्थही येणार होते. बाबांनी बेरीज हाताने केली, कॉम्प्युटरच्या बेरजेवर त्यांचा तेव्हाही विश्वास नव्हता. मग पुन्हा केली. मग आईला हाक मारून वाचायला लावून तिसऱ्यांदा केली.

"साडेचारशे रुपये जास्त दिसतायत," ते म्हणाले.

मी म्हणलं बाबा, वीस वर्षं होत आली, साडेचारशे रुपयांसाठी कोण विचारतंय. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणजे चिरंजीवांकडे मी बघते तसं. आईने लाइट घालवायला घेतला तर म्हणाले थांब. "टेम्पोचं भाडं असणार ते. केमिकलचे ड्रम आणले होते ना घाटकोपरहून. त्याची पावती मी स्कॅन करून ठेवलेली, वेगळं फोल्डर केलं होतं." नाव काय फोल्डरचं? ते आठवेना. कॉपी अजून चालूच होती, पट्टी निम्म्यावर, आणि डिस्क कुरकुरत होती. "थांबव ते आणि हे आधी शोध," बाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.